गाजरकाकांचा वाफा

११ ऑगस्ट

आज शाळेच्या कोठीत एकटीच मोठमोठ्याने बोलत होते. मागे वळून बघते तर स्वयंपाकघरात मदतीला असणाऱ्या मावशी दारात उभ्या. म्हणाल्या, "काय ताई, बटाटे उत्तर देतायत का?" म्हणून येताना ही वही आणली. बटाट्यांपेक्षा बरी.

तर झालं असं. सकाळी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांनी दार लावलं की मी आधी हातातलं भांडं खाली ठेवते. पालक समितीचे अध्यक्ष (आम्ही त्यांना टायवाले म्हणतो, भर उन्हाळ्यातही गळ्यातला टाय सुटत नाही) म्हणतात की शाळेत चूल हवीच कशाला? शहरातली एक कंपनी बंद डबे पाठवते. गरम करा, वाढा, संपलं. स्वयंपाकघराच्या जागी संगणकांची खोली. बाई त्यांच्याशी भांडूनच आल्या होत्या, नाकपुड्या अजून फुललेल्या होत्या. डिसेंबरपर्यंतची मुदत मागून घेतलीय. तोवर आठवड्यातले दोन दिवस मुलांच्या ताटात इथे जवळपास पिकलेली ताजी भाजी पडली पाहिजे, आणि मुलांनी ती खाल्ली पाहिजे. नुसती चिवडून टाकलेली चालणार नाही.

"जवळपास म्हणजे किती?" मी विचारलं.

"सायकलवरून आणता येईल इतकं. होईल ना तुमच्याच्याने?"

"होईल," मी म्हणाले. माझं तोंड नेहमी माझ्यापुढे धावतं. इतकी वर्षं मी गोठवलेल्या पिशव्या कात्रीने कापून पातेल्यात ओततेय. वाटाणा वेलाला लागतो की झाडाला, हे विचारलं तर दोन मिनिटं विचार करावा लागेल.

तेव्हापासून बूड टेकत नाहीये. रात्रीची भांडी दोनदा घासली.

१४ ऑगस्ट

ह्यांच्याबद्दल लिहायला हवं. हे म्हणजे माझा नवरा. लेक लग्न होऊन गेली तरी वहीतसुद्धा ह्यांचं नाव लिहायला माझा हात वळत नाही.

कारखाना बंद पडल्यापासून हे पलंगाच्या कडेला बसून असतात. एक मोजा पायात, एक हातात. मी निघते तेव्हा तसे, आणि कधीकधी परत येते तेव्हाही तसेच. बोलत नाहीत, चिडत नाहीत, जेवण पुढे ठेवलं की जेवतात. चिडले असते तर बरं वाटलं असतं. कामावरून शिट्टी वाजवत येणारा माणूस हा.

आणि आज मला ते सुचलं! कालव्यापलीकडे एक म्हातारबुवा आपली जमीन तुकड्यातुकड्यांनी हौशी लोकांना भाजी लावायला देतात. शाळा सुटल्यावर तशीच गेले. शेवटचा तुकडा रिकामा होता, सखल भागातला, पण पाण्याचा नळ आहे आणि अवजारं ठेवायला कुलपाची खोपटी. माती काळी, गार. मुठीत घेतली आणि बुवांशी बोलत राहिले. बसमध्ये तिकीट काढायला हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं की मूठ अजून मिटलेलीच आहे.

जेवताना सांगितलं, "अहो, तुमच्यासाठी वाफा घेतलाय."

"वाफा?"

"भाजी लावायला. शाळेसाठी. तुमचा वेळ जाईल, माझं अडलेलं घोडं पुढे जाईल. गाजरं लावा, मुलं गाजरं खातात."

पेल्यात पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, "घेऊनच आलीस ना?"

"हो."

"मग झालं."

मनातून खूश झाले असणार.

२८ ऑगस्ट

पहिला दिवस पार पडला. पार पडला म्हणजे काय, कोसळला.

निवृत्त पोस्टमनकाकांच्या परसातला पालक आणला होता. मावशींनी आणि मी धुतला, पण शंभरावर मुलांना पुरेल इतका पालक धुणं म्हणजे काय हे पिशव्या कापणाऱ्या हातांना कुठे ठाऊक? सूप वाढलं आणि पाचेक मिनिटांत सगळ्या जेवणघरात एकच आवाज. दाताखाली वाळूची कचकच. एक मुलगा ओरडला, "सूपमध्ये रस्ता आहे!" झालं. मग काय, सगळ्यांनाच रस्ता सापडायला लागला. मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत वाटी संपवली, दात न लावता, नुसतं गिळून. टायवाल्यांनी चमचा पुसून खिशात ठेवला. आमचाच चमचा.

पोस्टमनकाकांना मी बोलले ते चुकलंच. "तुमची भाजी आहे की वाळूची चाळण?" असं म्हणायला नको होतं. आता ते भाजी देणार नाहीत. हात दाखवून अवलक्षण.

म्हणजे आता सगळी मदार ह्यांच्यावर.

७ सप्टेंबर

हे रोज वाफ्यावर जातात. मीही तीन-चार वेळा गेले. ह्यांनी दोरी लावून असे सरळ वाफे काढलेत की वाटावं कारखान्यातलेच पट्टे. मी जरा सांगितलं की घेवड्याच्या शेंगांचं बी एवढं खोल नको, वाफा उताराच्या बाजूने घ्या, आणि पाणी असं नाही, झारीने घाला. काल म्हणाले, "तू येऊ नकोस. तू आलीस की मला शिकवतेस."

मला बरंच वाटलं. माणूस स्वतःचं म्हणून काही धरतोय.

आज रविवार, हात मात्र नुसते शिवशिवत होते. कपाटं आवरली.

२४ सप्टेंबर

तीन दिवस धो धो पाऊस. कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. ह्यांना विचारलं, "वाफ्याचं काय?"

"आहे."

"पाणी साचलं का?"

"थोडं."

आज परत पलंगाच्या कडेला दिसले. मोजा हातात. मी म्हटलं, "अहो, ऑक्टोबर तोंडावर आलाय, शेंगा कधी निघतील? बाई रोज विचारतात. सगळं तुमच्यावर आहे हं." दिलासा म्हणूनच म्हटलं. माणसाला आपली गरज आहे हे कळलं की उभारी येते.

६ ऑक्टोबर

आणि आली! आज पहाटेच गेले आणि उजाडताना दोन भरलेली पोती सायकलला लावून थेट शाळेच्या मागच्या दारात. शेंगा! कोवळ्या, करकरीत, सगळ्या एका मापाच्या. यंत्रावरच्या माणसाची नजर ती.

मावशी शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, "एवढ्याशा वाफ्यात एवढं निघतं होय?"

"मनापासून केलं की निघतं," मी म्हणाले.

"हो का?" म्हणाल्या आणि मोडत राहिल्या.

मुलांनी खाल्ल्या. सगळ्यांनी नाही, पण खाल्ल्या.

१९ ऑक्टोबर

ह्यांचा उजवा खांदा सोलवटून निघालाय. पाणी वाहून वाहून. मलम चोळताना कळवळून एक शिवी दिली. इतकी वर्षं संसार केला, असली शिवी ह्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. कुठून शिकले कोण जाणे. नंतर स्वतःच हसले. मीही हसले. किती दिवसांनी.

जेवायला बसले की गप्पा मारतात आता. कुठे कांदा चढला, कुठे टोमॅटो रस्त्यावर ओतले. मोकळ्या हवेचा परिणाम. पण शर्टाला डिझेलचा वास येतो, तो काही जात नाही. बहुतेक कालव्यावरच्या पंपाचा.

८ नोव्हेंबर

गाजरं आली!

आता ही गोष्ट मी लिहूनच ठेवते, कारण तिचं श्रेय माझं आहे. वाढताना एक चिमुरडी नाक मुरडून म्हणाली, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "केलं मी, पण पिकवलं गाजरकाकांनी." "ते कोण?" मग सांगितलं, की कालव्यापलीकडे एक काका आहेत, ते पहाटे उठतात, गाजरांशी बोलतात, मग गाजरं गोड होतात. तिने एक खाल्लं. शेजारणीने खाल्लं. दुपारपर्यंत शाळाभर झालं. चौथीच्या एका मुलाने तर तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, गाजरकाका गाजरांना काय सांगतात?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. ताटातच बघत राहिले.

"मुलांना असं कशाला सांगितलंस?"

"का? खोटं आहे का?"

उठून हात धुवायला गेले. लाजाळू आहेत फार.

मावशींचं डोकं मात्र भलतीकडेच चालतं. गाजर धुताना म्हणाल्या, "कालव्याची माती काळी ना हो ताई? ही तर लाल निघतेय." मी म्हटलं, खाली असेल लाल. माती काय एकरंगी असते?

१५ नोव्हेंबर

मोठ्या बाईंच्या डोक्यात आलंय की चौथीचा वर्ग वाफा बघायला न्यायचा. टायवाले बरोबर येणार, म्हणजे त्यांची खात्री होईल, पुढच्या महिन्यातल्या बैठकीत त्यांना बोलायला तोंडच उरणार नाही. मी आनंदाने हो म्हटलं.

हे म्हणाले, "आत्ता नको. चिखल आहे."

"पाऊस थांबून दीड महिना झाला."

"मुलं तुडवतील."

"तुडवू देत की!"

"माझं ऐक. पुढच्या वर्षी ने."

पुढचं वर्ष मिळायला हवं तर आत्ता न्यायला हवं, एवढं साधं ह्यांना कळत नाही. शेवटी मी आवाज चढवला. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

मला रात्री झोप नाही. सगळं नीट चाललंय, तरी आतून कुणीतरी दार ठोठावतंय असं का वाटतं? मुलं वाफ्यात धडपडली तर? टायवाल्यांनी काही खोट काढली तर? असलंच काहीतरी.

२२ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाहीये. पण लिहिलं नाही तर डोक्यात फिरत राहील.

हे अंधारातच गेले होते. "जरा आवरून ठेवतो," म्हणाले. आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. मोठ्या बाई, टायवाले, वर्गाच्या बाई, मावशी, मी, आणि चौथीची मुलं दोघादोघांच्या रांगेत. हे वाफ्याच्या टोकाला उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मुलांनी एकच गिल्ला केला, "गाजरकाका!"

शेवटच्या वाफ्यात हिरवे शेंडे होते. रांगेने, दोरी लावल्यासारखे. बाकीचे वाफे मोकळे, वरती वाळलेल्या गाळाची भेगाळलेली करडी साय. मला वाटलं, काढून झालेत. वाटलं, बस्स.

"एकेकाने एकेक उपटायचं," वर्गाच्या बाई म्हणाल्या. मुलांनी शेंडे धरले आणि गाजरं सुळकन वर आली. हसू, आरडाओरडा. एक मुलगा पाय रोवून जोर लावायला गेला आणि गाजर इतकं सहज निघालं की उताणाच पडला. मीही एक उपटलं. लोण्यातून सुरी निघावी तसं आलं. ना मुळांना धागे, ना कुठे माती चिकटलेली. धुतलेलं गाजर. खोचलेलं.

मी मान वर केली. हे माझ्याकडेच बघत होते.

अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मी मनात म्हटलं, आता कुणी काही बोलू नका, घेऊन चला मुलांना. आणि तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी चार गाजरांची जुडी हातात घेऊन पुढे आली. चारही एकदम उपटली होती, कारण ती रबराने एकत्र बांधलेली होती.

"काका, गाजराला रबर पण येतं?"

मुलं खिदळली. टायवाले खिदळले नाहीत. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

हे पुढे आले आणि त्या मुलीसमोर उकिडवे बसले. "नाही बाळा," म्हणाले. "इथे गाजरं झालीच नाहीत. पाऊस आला, पाणी साचलं आणि सगळं कुजलं. ही मी आज पहाटे खोचली."

"मग आम्ही खाल्ली ती?"

"बाजारातली."

"चोरलेली?"

"नाही. तिथे गाड्या रिकाम्या करतो मी. ओझी उचलतो. पैशांच्या जागी भाजी घेतो."

मुलगी विचारात पडली. "पण तुम्ही काका आहात ना?"

"काका आहे," हे म्हणाले. "गाजरकाका नाही."

मघाशी पडलेल्या मुलाने विचारलं, "परत खोचू का? परत उपटतो." आणि मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत असताना सगळी मुलं गाजरं खोचायला आणि उपटायला लागली. खेळच झाला त्यांचा. टायवाले फक्त एवढंच म्हणाले, "छान." आणि आपल्या गाडीकडे चालू लागले.

२४ नोव्हेंबर

बोलत नाही मी. हेही बोलत नाहीत. घरात दोन कपाटं राहतात जणू.

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, रडले पण. ती म्हणाली, "आई, बाबांनी मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं."

"तुला? आणि मला का नाही?"

"तू कधी विचारलंस का?"

"रोज विचारत होते! आज काय काढलं, उद्या काय निघेल..."

"तेच ना आई," ती म्हणाली.

तेच म्हणजे काय? आजकालची मुलं अर्धं बोलतात आणि उरलेलं आपण समजून घ्यायचं.

२६ नोव्हेंबर

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. ते जास्त लागलं.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"मलाच माहीत नव्हतं, बाई."

"रोज तुमच्या दारात भाजी येत होती," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

मावशींना सांगितलं की बघा, बाईंचा विश्वास बसत नाही. मावशी भांडं पुसत म्हणाल्या, "ताई, मला तर शेंगांच्या वेळीच कळलं होतं हो. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक असेल. म्हटलं, नवऱ्याची झाकली मूठ ठेवताय, चांगली बाई."

मला माहीत नव्हतं. नव्हतंच.

२७ नोव्हेंबर

आज ह्यांनी तोंड उघडलं. मी पाव कापत होते.

"भाजी जवळचीच होती," म्हणाले.

"आता आणखी नको हं."

"खरं सांगतोय. लांबच्या मोठ्या गाड्यांना मी हात लावत नव्हतो. म्हणजे, उतरवत होतो, पण त्यातलं घेत नव्हतो. पहाटे छोट्या टेम्पोतून येतात ना, इथलेच आसपासचे शेतकरी, त्यांचंच घ्यायचो. विचारून घ्यायचो, कुठली म्हणून. तू म्हणाली होतीस ना, सायकलवरून आणता येईल इतकं."

माझा विश्वास बसला नाही. कसा बसावा? म्हटलं, "दाखवा."

"ये मग उद्या."

२८ नोव्हेंबर

गेले.

घाऊक भाजीबाजार मी पहिल्यांदा बघितला. उजाडायच्या आधी इतकी माणसं जागी असतात हेच मला माहीत नव्हतं. पत्र्याखाली दिवे, ढकलगाड्या, क्रेटचे डोंगर, आणि पायाखाली कोबीच्या पानांचा गालिचा. आम्ही आत शिरलो तोच कुणीतरी ओरडलं, "ए शाळा! उशीर केलास!"

मी मागे वळून बघितलं. शाळा म्हणजे हेच. शाळेसाठी भाजी घेतात म्हणून हमालांनी ठेवलेलं नाव. "शाळा, इकडे हात लाव." "शाळा, तुझा काटा परत अडला." तो वजनकाटा ह्यांनीच दुरुस्त केला होता म्हणे, आणि ढकलगाड्यांची चाकंही. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी का? बरं झालं आलात. हा माणूस इथे आल्यापासून आमच्या गाड्या कुरकुरत नाहीत, आता आम्हीच कुरकुरतो." सगळे हसले, आणि हे त्यांना असं काही उलट बोलले की सगळे पुन्हा हसले. मी एका बाजूला उभी होते. हा माणूस आमच्या घरी राहतो, ह्याचे मोजे मी धुते. आणि मी त्याच्याकडे असं बघत होते जसं बसमधल्या परक्या माणसाकडे बघावं, चांगला दिसतो म्हणून.

मग मला गाजरवालीकडे नेलं. टेकडीपलीकडची, माझ्याहून जरा लहान, हाताला कोपरापर्यंत लाल माती. टेम्पो स्वतःच चालवते. मी कोण, कुठली सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला.

"त्या शाळेतल्या तुम्ही? अहो, माझी धाकटी तिथेच आहे, दुसरीत! घरचं गाजर तोंडात घालत नाही. म्हणते, आमच्या गाजरकाकांची गोड असतात, तुझी नाही."

"ती तुमचीच होती," मी म्हणाले.

आधी तिला कळेना. कळलं तेव्हा ती इतकी हसली की टेम्पोला धरून उभी राहिली. मलाही हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मग डोळे पुसून तिला विचारलं, तुम्ही थेट शाळेलाच का देत नाही?

"शाळेनं कधी विचारलं?" ती म्हणाली. "आमचं इथे येतं, इथून व्यापारी शहरात नेतो. पुढे कुठे जातं देव जाणे."

पुढे कुठे जातं ते मला कळलं. पिशवीत भरून, गोठवून, माझ्या कात्रीखाली.

५ डिसेंबर

बैठक झाली. मी गाजरवालीला आणि तिच्या ओळखीच्या शेंगावाल्याला घेऊन गेले. काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण निम्मं विसरले. गाजरवालीला कुणी विचारलं नसतानाही तीच बोलली, आणि टायवाल्यांना म्हणाली, "साहेब, डब्यातलं खाणारी पोरं मोठी होऊन तुमच्यासारखाच टाय बांधणार, हे ठीक आहे. पण दात चांगले हवेत ना?" टायवाल्यांनासुद्धा हसू आलं. क्षणभरच.

निकाल असा. स्वयंपाकघर शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहील. मग परत बघू. पिकवणारे माल थेट मागच्या दारात आणतील. आणि तो कुठून घ्यायचा, कुणाकडून, हे यापुढे मी नाही, कार्यालय ठरवेल. मोठ्या बाईंनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. टायवाल्यांनी विचारलं होतं, "इतके दिवस खोटं चाललं ते यांना ठाऊक नव्हतं, यावर तुमचा विश्वास आहे?" बाई म्हणाल्या, "स्वयंपाक त्या चांगला करतात."

वाचलं सगळं. मावशींची नोकरी वाचली, माझी वाचली. मग घरी येताना माझा बसचा थांबा कसा चुकला?

११ डिसेंबर

मुकादमाने ह्यांना कायमचं ठेवून घेतलं. आता ओझी कमी, गाड्या आणि काटे जास्त. पहाटे उठतात, शिट्टी वाजवत तोंड धुतात. इतके दिवस मी देवाकडे हेच मागत होते की हा माणूस पलंगावरून उठू दे. उठला, तर आता पहाटे शेजारची उशी गार असते आणि माझी झोप उडते. मेलं मन म्हणजे.

आज विचारलं, "मग वाफ्याचं काय करायचं? उन्हाळ्यापर्यंत परत लावता येईल. गाजरं नाही तर बटाटे."

हे बूट पुसत होते. थांबले. म्हणाले, "रागावणार नाहीस ना?"

"बोला."

"मला माती आवडत नाही गं. कधीच आवडली नाही. नखात गेली की दिवसभर अंगावर काटा येतो. लहानपणापासूनच."

"मग घेतला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू इतकी खुशीत होतीस," हे म्हणाले. "तू मातीबद्दल बोलत होतीस ना, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं होतं. म्हटलं, बघू. जमेल."

माझ्या नवऱ्याला माती आवडत नाही हे मला आज कळलं.

म्हटलं, ठीक आहे. रविवारी जाऊन म्हातारबुवांना खोपटीची किल्ली देऊन येते. संपला विषय.

१४ डिसेंबर, रविवार

किल्ली द्यायला गेले. बुवांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, येतील इतक्यात, बाजारात गेलेत.

म्हटलं, तोवर खोपटी तरी आवरून ठेवू, तशीच कशी परत द्यायची? आवरली. फावडं गंजलं होतं, ते घासलं. मग हातात होतंच तर त्या शेवटच्या वाफ्यावरची भेगाळलेली साय जराशी फोडून बघितली. वरून दगड, पण वीतभर खाली माती तशीच. काळी, ओलसर, आणि त्यात एक गांडूळ, चांगलं जाडजूड, मला बघून रागावल्यासारखं वळवळलं. म्हटलं, कोपरा पुरा करू. कोपरा झाला तर म्हटलं, ओळ पुरी करू. गार वारा सुटला होता, पण मी स्वेटर काढून कुंपणावर टाकला. पाठ मोडली, तळव्यांना फोड आले. पण कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात कुणीच बोलत नव्हतं.

घरी आले तेव्हा हे दिवा लावत होते.

"दिलीस किल्ली?"

"बुवा घरी नव्हते," मी म्हणाले.

ते खरंच आहे. गेले तेव्हा नव्हते. नंतर आले, कुंपणापाशी उभे राहून खोकले दोनदा. मी पाठमोरी होते, वळले नाही.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या नखांकडे बघितलं. त्यांच्या अंगावर काटा आला, मला दिसला. हसू गालातल्या गालात दाबत म्हणाले,

"पाणी साचतं तिथे. आधी चर खण."